हळूबा दिवा आणायला गेला आहे

“आत गेल्यावर तू तोंड उघडायचं नाहीस,” ताई म्हणाली.

“मी कधी उघडते?”

“मागच्या वेळी साहेबांना काय म्हणाली होतीस ते आठव.”

मागच्या वेळी मी साहेबांना एवढंच म्हणाले होते, की खुर्चीला चाकं असली म्हणून माणसानं सारखं गोल फिरायलाच पाहिजे असं नाही. खोटं होतं का ते? तो माणूस बोलताना खिडकीकडे फिरायचा, मग दाराकडे, मग पुन्हा खिडकीकडे, आणि ताई आपली त्याच्या तोंडामागे मान वळवत बसली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ताईच्या मते माझ्यामुळे काम बिघडलं. काम आधीपासूनच बिघडलेलं होतं, पण हे तिला सांगायचं कुणी.

त्या गोष्टीलाही कितीतरी वर्षं झाली होती. आता तिसरे साहेब आले होते. साहेब कसले, बाईच होत्या, आणि वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांच्या खोलीबाहेरच्या सोफ्यावर आम्ही दोघी बसलो होतो. सोफा इतका खोल की एकदा बसलं की उठवायला माणूस लागावा. ज्या इमारतीत ताईनं उभी हयात काढली, तिथल्या दारावरच्या मुलीनं तिला नाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि मग विचारलं, “कुठल्या कंपनीकडून आलात?”

ताई म्हणाली, “हळूबाकडून.”

मुलीनं मान खाली घालून तसंच टाइप केलं.

हळूबा म्हणजे कासव. टीव्हीवर शाळा सुटायच्या वेळेला मुलांचा कार्यक्रम लागायचा, त्यातलं बोलकं कासव. तो कार्यक्रम ताईनं स्वतः डोक्यातून काढला, स्वतः लिहिला, स्वतः उभा केला, आणि वीस-बावीस वर्षं साहेबलोकांशी भांडून चालवला. कासवाचा आवाजही तिचाच. सुरुवातीला दुसऱ्या कुणाला घ्यायची ऐपत नव्हती म्हणून, आणि नंतर मुलं दुसरा आवाज ऐकून घेईनात म्हणून. कासवाच्या आतला हात होता हातकाकांचा. सहा फुटी माणूस, पण सगळं आयुष्य टेबलाखाली घडी घालून बसला. पाठीचा पार खुळखुळा झाला त्यांच्या. आणि कासव शिवलं होतं मी. मी कपडे शिवते. ताई मला लहानपणापासून टाचणी म्हणते. अंगानं बारीक होते म्हणून, असं ती लोकांना सांगते. खरं कारण मला ठाऊक आहे.

पहिल्या नोकरीला जाताना ताई एक हिरवा कोट घालायची. कोपरांवर विरला तेव्हा मी तो उसवला. पाठीच्या कापडाची केली हळूबाची ढाल आणि उजव्या बाहीची मान. कोटाचीच दोन बटणं डोळ्यांना लावली. एक जरा तिरकं बसलं. मी ते काढून पुन्हा लावणार होते, तर ताई म्हणाली, राहू दे, शहाणा दिसतोय.

कार्यक्रमाचा एक नेम होता. दर आठवड्याला शेवटी त्या घरात काहीतरी कमी पडायचं. कधी शिडी, कधी छत्री, कधी बरणीचं झाकण. मग हळूबा म्हणायचा, “बसा हं सगळे, मी घेऊन आलोच.” आणि दाराकडे निघायचा. इतका हळू, की शेवटचं गाणं वाजून संपायचं तरी स्वारी उंबरठ्यापाशीच. कॅमेरावाले वैतागायचे. पुढच्या आठवड्यात कार्यक्रम सुरू व्हायचा तो दार वाजण्यापासून. हळूबा आलेला असायचा आणि तोंडात ती वस्तू असायची. इतके दिवस होतास कुठे, असं एकाही मुलानं कधी विचारलं नाही. कासवाला तेवढा वेळ लागणारच, हे मुलांना बरोबर कळतं. मी घरी ताईला चिडवायची, “तुझ्या हळूबाला माझा दोरा आणायला पाठव. नवरी लग्नाला उभी राहील तोवर येईल.”

एकदाही तो रिकाम्या हातानं आला नाही. ताईचा त्याबाबतीत शब्द म्हणजे शब्द. आणि तिथंच सगळं नडलं.

कार्यक्रम बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा पहिल्यांदा सांगितलं स्टुडिओतल्या सुतारदादांनी. तिच्या सेटच्या फळ्या कुठल्याशा प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाला द्यायचं ठरलंय म्हणाले. हातकाका घरी आले. चहा पुढ्यात ठेवला तरी कपाला हात लावेनात. “बाई, शेवटचा भाग लिहून ठेवा,” ते म्हणाले. “मुलांचा नीट निरोप घेऊ. मग काय करायचं ते करू देत त्यांना.”

ताई हट्टाला पेटली. “निरोप लिहिला की त्यांना बरंच झालं. बाई स्वतःच आवरत्या घेताहेत म्हणतील. मी नाही लिहिणार.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “कासव बाहेर गेलेलं असताना कार्यक्रम कोण बंद करेल गं? कुणाची छाती होईल?”

हे तिला खरंच वाटत होतं. एवढी शिकलेली, चार माणसांना वाकवणारी बाई, पण तिला खरोखर वाटत होतं की पोरं वाट बघत असतील तर मोठी माणसं थांबतात. मुलांसाठी इतकी वर्षं काम केलं की असं होत असावं. म्हणून त्या आठवड्यात तिनं मुद्दाम असा भाग लिहिला, की तो अर्धा सोडणं कुणाला जमूच नये. घरातला दिवा जातो. त्या घरात एक उंदरी असायची, चिटुकली नावाची. अंधाराला जाम भिणारी. हळूबा तिला म्हणतो, “तू इथंच बस. घाबरू नकोस. मी दिवा घेऊन आलोच.” आणि जातो. पडद्यावर सगळा काळोख आणि त्यात चिटुकलीचे दोन डोळे तेवढे चमकताहेत. शेवटचं गाणंसुद्धा नाही.

मी घरी तो भाग बघितला, माझ्या लेकीला मांडीवर घेऊन. ती माझ्या अंगात नखं रुतवून बसली होती. ताई आल्यावर मी म्हटलं, “पोरं घाबरतील की गं.”

“घाबरू देत थोडी. पुढच्या आठवड्यात उजेड आहेच ना.”

पुढच्या आठवड्यात त्या वेळेला गाण्यांची स्पर्धा लागली.

त्या दिवशी सकाळी ताई नेहमीसारखी स्टुडिओत गेली होती. पिशवीत एक छोटा कंदील होता, हळूबाच्या तोंडात धरायला. आत जाऊन बघते तर हळूबाच्या घराचं दार भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि सुतारदादा चौकटीचे खिळे उपटताहेत. ते थांबले नाहीत. खाली बघूनच म्हणाले, “बाई, मला काल सांगितलं.” हळूबाला आणि चिटुकलीला भांडारात टाकून कुलूप लावलं होतं. कंपनीची मालमत्ता.

त्यानंतर तिला पाककृतींच्या कार्यक्रमावर टाकलं. निवृत्त होईपर्यंत तिनं कांदा कसा चिरावा याचं चित्रण केलं, आणि तेही नेटकं केलं. पण पहिल्याच महिन्यात तिनं हळूबाचा शेवटचा भाग लिहून टाकला. चार मिनिटांचा. मी मशीनवर असताना समोर बसून इतक्यांदा वाचून दाखवला, की मला तो पाठ झाला. चार मिनिटं स्टुडिओ द्या, एवढंच तिचं मागणं. हळूबा दिवा घेऊन येईल, आणि संपेल.

पहिले साहेब हसले होते. “अहो, कासव आहे ना तुमचं? मग उशीर झाला तर बिघडलं कुठे?” दुसरे ते फिरत्या खुर्चीवाले. ते म्हणाले, बाई, ती मुलं आता मोठी झाली. ताई म्हणाली, “मोठी झाली असतील, पण वाट तर लहानपणीच बघितली ना त्यांनी?” त्यावर ते खिडकीकडे फिरले, आणि मग मी ते खुर्चीचं बोलले.

तर आता या तिसऱ्या. आम्हाला आत बोलावलं. ताई दारात दिसताच साहेबांच्या खुर्चीतली ती मुलगी ताडकन उभीच राहिली.

“तुम्हीच ना?” ती म्हणाली. “हळूबा तुम्हीच ना?”

ताईनं हळूबाच्या आवाजात फक्त एक “हं” केला. म्हातारपणानं घसा बसला होता, पण तो “हं” अजून जसाच्या तसा होता. त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. टेबलाला वळसा घालून ती ताईजवळ आली आणि तिचा हात धरून शेजारच्या खुर्चीवर बसली.

“मी खिडकीत टॉर्च लावून ठेवायची,” ती म्हणाली. “त्याला अंधारात रस्ता दिसावा म्हणून. रोज. आईला वाटायचं पोरीला खुळ लागलंय. शेवटी तिनं बॅटऱ्या काढून घेतल्या. तो आला का हो नंतर? माझा तो भाग चुकला असंच मला इतकी वर्षं वाटत होतं.”

“नाही आला,” ताई म्हणाली. “त्यासाठीच मी आले आहे. मला चार मिनिटं द्या.”

मी मनात म्हटलं, झालं. एकदाचं झालं काम. आता ही पोर कुणालातरी हाक मारेल, कुलूप काढायला सांगेल. मी नुसती गप्प बसले असं नाही, मी श्वासही हळू घेत होते.

तिनं डोळे पुसले. नाक पुसलं. मग आपल्या खुर्चीत परत जाऊन बसली आणि म्हणाली, “हळूबा आता आमचा नाही.”

कंपनीनं तो विकला होता. कार्टून बनवणाऱ्या कुठल्याशा मोठ्या मंडळींना. नाव, रूप, बोलणं, सगळं. “आम्हाला त्याच्या तोंडून एक शब्दसुद्धा काढता येत नाही,” ती म्हणाली.

“तोंड माझं आहे,” ताई म्हणाली.

“हो. पण तसं नाही ना ते, मावशी.”

मग ताईनं विचारलं, निदान तो भांडारातला जुना मिळेल का, घरी ठेवायला. मुलीनं लगेच फोन लावला. फोनवर ती बराच वेळ नुसती ऐकत होती. भांडारात पाण्याचा पाईप फुटला होता, बरीच वर्षं झाली. सगळं कुजलं म्हणून टाकून दिलं. हे सांगताना ती पुन्हा रडली, आणि ताईनंच उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला. “असू दे गं,” म्हणाली. “तू काय करणार.”

राग यावा असं त्या खोलीत कुणीच नव्हतं, हीच पंचाईत झाली. खुर्ची फिरवणारा असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ताईनं मला बोलू नको म्हणून बजावलं होतं, पण बोलायला माझ्याकडे काही नव्हतंच. निघताना त्या मुलीनं ताईबरोबर फोटो काढून घेतला. ताई फोटोत छान हसली.

बाहेर रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, “चांगली मुलगी आहे.”

“हो. रडली फार छान,” मी म्हटलं.

ताईनं ते ऐकलंच नाही. बसथांब्यापर्यंत ती माझ्यापुढे चालत राहिली. मग म्हणाली, “तिच्या बॅटऱ्या काढून घेतल्या गं तिच्या आईनं.”

पुढे ते कार्टून आलं. आम्ही दोघींनी शेजारी बसून पहिला भाग बघितला. नवा हळूबा चकचकीत, पायाला चाकं लावलेला, घराच्या छतावरून उड्या मारतो. आवाज कुठल्यातरी तरुण पोराचा. एका भागात पाच-सहा वस्तू आणून टाकतो. ताईनं शेवटपर्यंत बघितलं. “रंग छान आहेत,” म्हणाली आणि टीव्ही बंद केला. मला वाटलं होतं चिडेल, आदळआपट करेल. तिनं उठून भांडी घासली. मला भरून आलं, ते तिला दिसू नये म्हणून मी मशीनवर बसून दोरा न ओवताच कोरी शिलाई मारत राहिले.

त्यानंतर ती विसरायला लागली. आधी गॅस, मग किल्ल्या, मग माझ्या लेकीचं नाव. विसरणं परवडलं, पण दुपार कलली की तिचा जीव खालीवर व्हायचा. शाळा सुटायची वेळ झाली, रस्त्यावर पोरांचा गलका ऐकू आला, की ही उठून घरभर दिवे लावत फिरायची. भर उजेडात. “तिला अंधारात बसवलंय,” म्हणायची. “एकटीच बसलीय ती.” मी म्हणायची, ताई, ती कापडाची होती, तिला कसला आलाय अंधार. मग ती माझ्याकडे अशी बघायची, की जणू मीच चिटुकलीला तिथं कोंडलं आहे.

डॉक्टर म्हणाले, “वाद घालू नका. त्यांच्या कलानं घ्या.”

आता झाली का पंचाईत. आम्ही दोघी जन्मभर वाद घालूनच एकमेकींशी बोललो. वाद घालायचा नाही तर मी तिच्याशी बोलायचं तरी काय?

एक दिवस तिनं मला विचारलं, “तुम्ही कोण?”

“टाचणी.”

“टोचता?”

“हो, टोचते की.”

ती हसली. मलाही हसू आलं. वाईट म्हणाल तर वाईट, पण त्या दिवसातलं तेवढंच बरं होतं. मग ती जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “तुम्ही ते कासव बघितलंत का हो? दिवा आणायला गेलंय. अजून आलं नाही.”

तिनंच त्याला पाठवलं, हेही गेलं होतं डोक्यातून. पाठवणारी उरली नव्हती. वाट बघणारी तेवढी उरली होती.

मग रोजचंच झालं. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची. दार लावलं की उघडायची. वाऱ्यानं दार हललं की उठायची. मी एकदा खोटं बोलून बघितलं. म्हटलं, “आलं होतं की, तू झोपली होतीस.” तिनं खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, “मग दिवा कुठंय?” मुलांना फसवता येत नाही, हे तिनंच मला शेकडो वेळा सांगितलं होतं.

चिंध्यांचं गाठोडं मी आयुष्यात कधी टाकलं नाही. माळ्यावरून काढलं, सोडलं, उचकलं. अगदी तळाशी हिरव्या कोटाची डावी बाही निघाली. मी ती नाकाशी धरली, तर नुसता जुन्या कापडाचा वास. ताई झोपली की मी शिवायला बसायची. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, सुई ओवताना नाकी नऊ यायचे. ढालीला तसलं कापड नव्हतं, म्हणून माझ्या जुन्या परकराचं घातलं, आत चिंध्या भरल्या. डोळ्याचं एक बटण तिरकं लावायचं होतं. तेच साधेना. आधी चुकून तिरकं बसलेलं बटण आता मुद्दाम तिरकं बसवताना चार वेळा उसवावं लागलं.

हातकाकांना फोन केला. ते मुलाकडे राहतात, लांब. म्हणाले, “अहो, मी आलो असतो हो. पण हात खांद्याच्या वर जात नाही आता.”

“मग मला सांगा कसं करायचं.”

“तुम्ही करणार?” त्यांनी विचारलं. “मान फार हलवू नका. नवे लोक मान हलवतात. कासव विचार करत असलं की नुसतं थांबतं. मुलं समजून घेतात.”

“आणि हात दुखला तर?”

“दुखणारच,” ते म्हणाले. “खाली घ्यायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटायच्या बेताला मी पडदे ओढले आणि दिवा घालवला. ताई लगेच कावरीबावरी झाली. तिची खुर्ची मी जेवणाच्या टेबलासमोर आणून ठेवली होती. टेबलाखाली शिरताना माझे गुडघे असे वाजले की म्हटलं आता सगळा कार्यक्रम उघडा पडतो. बाहीत हात घातला. कासवाच्या तोंडात छोटा टॉर्च दोऱ्यानं बांधला होता, तो लावला, आणि हात वर केला.

मला ताईसारखा आवाज काढता येत नाही. मी माझ्याच घोगऱ्या आवाजात म्हटलं, “आलो हं. रस्ता लांब होता.”

टेबलाखालून मला फक्त तिचे पाय दिसत होते. मघापासून चुळबुळत होते, ते थांबले.

“किती उशीर केलास,” ताई म्हणाली.

“दिवा विझू नये म्हणून जपून आलो,” मी म्हटलं. हे भागात होतं. पुढचं वाक्य चिटुकलीचं होतं, आणि त्यानंतर पुन्हा माझं. माझी वाक्यं मी घोकून ठेवली होती.

“चिटुकली कुठंय?” ताईनं विचारलं.

मी उंदरी केलीच नव्हती. एवढं शिवलं, एवढं उसवलं, माळा धुंडाळला, फोन केले, आणि जिच्यासाठी दिवा आणायचा तीच माझ्या डोक्यात आली नव्हती. माझं सगळं लक्ष त्या मेल्या तिरक्या बटणात. आता कुठून आणू मी तिला? टेबलाखाली मी बसले, हात वर. नुसती थांबले.

रस्त्यावरून पोरं ओरडत गेली. टॉर्चचा उजेड समोरच्या भिंतीवर पडला असणार, तो मला दिसत नव्हता.

“मी इथंच आहे,” ताई म्हणाली. आवाज अगदी बारीक, जपून काढलेला. “तू बस म्हणालास ना. मी इथंच बसलेय.”

मला रडू आवरेना. पण आवाज करून चालणार नव्हतं. मी हात तिच्या बाजूला वळवला, उजेड तिच्यावर पडेल असा, अंदाजानंच.

“घाबरलीस?” मी विचारलं.

“हो.”

“आता उजेड आहे.”

“हो,” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “परत जाशील काहीतरी आणायला?”

शेवटचं वाक्य ताईनं लिहिलेलं होतं. मशीनच्या खडखडाटात तिनं ते मला कितीतरी वेळा ऐकवलं होतं, आणि दर वेळी मी म्हणायची, माझा दोरा तुटला तुझ्यामुळे. मी ते म्हटलं. “नाही. सगळं आणून झालं. आता मी कुठं जात नाही.”

तिनं हात पुढे केला आणि हळूबाची मान धरली. म्हणजे माझं मनगट. घट्ट धरलं, लहान मूल बोट धरतं तसं. मी तशीच राहिले. हळूहळू तिचा श्वास जड होत गेला. पाय सैल पडले. किती दिवसांनी दुपारची झोपली. पकड मात्र सुटली नव्हती.

माझा खांदा भरून आला, मग दुखायला लागला, मग मुंग्या येऊन पार बधिर झाला. खाली घ्यायचा नाही, हातकाका म्हणाले होते. एकदा हळूच हात ओढून बघितला, तर झोपेतच तिनं आणखी आवळून धरला. दारावरची घंटा वाजली. माझी लेक असणार, या वेळेला येते. पुन्हा वाजली. “आले, आलेच,” असं सवयीनं ओठांवर आलं.

मी ओठ मिटून घेतले आणि हात वर धरून बसून राहिले.